विशेष शिक्षक व्हायचंय? आधी वर्गात बसा, मग फॉर्म भरा

पदवीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मला स्पेशल बी.एड. करायचंय, पुण्यात चांगलं कॉलेज कुठलं?" जून-जुलैत विचारलात तर उत्तर बहुतेक वेळा निराशेचंच मिळतं, कारण त्या वर्षीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, होऊन गेलेली असते. शिवाय कॉलेज हा या वाटेवरचा चौथा-पाचवा प्रश्न आहे. आपण कुठल्या मुलांना शिकवणार, पदविका घेणार की पदवी, तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, हे आधी ठरवायला हवं. इथे त्याच क्रमाने सांगतो.

पायरी १ : साधं बी.एड. आणि स्पेशल बी.एड. यांतला फरक

साध्या बी.एड.चं नियमन एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, करते. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आली. मान्य पात्रता मिळवलेल्या प्रत्येकाचं नाव ती केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत घेते आणि त्याला एक नंबर देते. बोलताना सगळे त्याला 'आरसीआय नंबर' किंवा 'सीआरआर नंबर' म्हणतात. नोंदणी नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. दंडाची रक्कम वाचून आज हसू येईल, पण शाळेच्या तपासणीत किंवा भरतीत नंबर नसलेला माणूस खरोखरच बाजूला काढला जातो.

म्हणून 'रेमेडियल टीचिंग', 'चाइल्ड सायकॉलॉजी', 'शॅडो टीचर' (वर्गात एकाच मुलासोबत बसणारा मदतनीस) अशा नावांचे तीन-सहा महिन्यांचे कोर्स नीट पारखून घ्या. त्यांतून काही गोष्टी शिकायला जरूर मिळतात. पण ज्या कोर्सनंतर आरसीआय नंबर मिळत नाही, त्याने तुम्ही विशेष शिक्षक होत नाही. साधं बी.एड. झालेल्यांनाही हेच लागू आहे. दहा वर्षं हायस्कूलला शिकवलं असलं तरी विशेष शिक्षणाची मान्य पात्रता वेगळी घ्यावी लागते.

पायरी २ : फॉर्मच्या आधी शाळा बघा

लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग पहिल्या सत्रात कोर्स सोडून जातात.

या बाबतीत पुण्याचं नशीब चांगलं आहे. गोखलेनगरला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणारी कामायनी आहे. कोरेगाव पार्कला अंध मुलांची जुनी शाळा आहे. टिळक रोडच्या भागात व्ही. आर. रुईया मूकबधिर विद्यालय आहे. गणेशखिंड रस्त्यावर राजभवनाजवळ बालकल्याण संस्था आहे, तिथे निरनिराळ्या शाळांतली दिव्यांग मुलं खेळायला आणि कला शिकायला येतात. दृष्टिहीन तरुणांचं उच्च शिक्षण कसं चालतं हे बघायचं असेल तर विश्रांतवाडीकडे निवांत अंध मुक्त विकासालय आहे. आळंदीला अंध मुलींची जागृती शाळा आहे. याशिवाय कोथरूड, एरंडवणे, निगडी या भागांत छोट्या-मोठ्या विशेष शाळा आणि ऑटिझम केंद्रं आहेत.

जाण्यापूर्वी फोन करा. मुख्याध्यापकांना सरळ सांगा की मला हा कोर्स करायचा आहे, चार-पाच दिवस वर्गात मागे बसून बघू द्याल का. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फक्त सहल, स्नेहसंमेलन किंवा तपासणीचे दिवस टाळा. मोबाइल पिशवीत ठेवा, मुलांचे फोटो काढू नका. आणि कृपा करून पहिल्याच दिवशी खाऊचा पुडा घेऊन जाऊ नका. वाढदिवसाला केक घेऊन येणारे पाहुणे या शाळांना भरपूर मिळतात, त्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं कारण नाही. शिवाय काही मुलांना पथ्यं असतात, काहींना गिळायला त्रास होतो.

बघायचं काय? गाणी आणि टाळ्यांचा तास सगळ्यांनाच आवडतो. तुम्ही मधल्या सुट्टीच्या आगेमागे बसा. डबा उघडणं, हात धुणं, शर्टाचं बटण लावणं, शी-शूची सवय, एखाद्याने अचानक वस्तू फेकणं, दुसऱ्याने कानावर हात ठेवून कोपऱ्यात जाणं, अशा वेळी बाई किंवा सर काय करतात, किती कमी बोलतात, कुठे थांबतात ते पाहा. मग त्यांची वही मागा. एकाच वर्गातल्या आठ-दहा मुलांची उद्दिष्टं वेगवेगळी लिहिलेली दिसतील, आणि गेल्या तिमाहीत जे लिहिलं होतं तेच काही मुलांसाठी या तिमाहीतही असेल. हा संथपणा बघून तुम्हाला अस्वस्थ वाटलं तर स्वतःशी प्रामाणिक राहा. दया वाटते म्हणून या क्षेत्रात आलेले लोक फार टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. टिकतात ते ज्यांना 'हे मूल इथे का अडलं असेल?' हा प्रश्न छळतो.

पायरी ३ : विषय निवडा

स्पेशल बी.एड. ही एकच पदवी नाही. तुम्ही एखाद्या विशिष्ट अक्षमतेत ती घेता आणि आरसीआयची नोंदणीही त्याच विषयाची होते. कर्णबधिरांच्या शिक्षणात पदवी घेतलेल्याला बौद्धिक अक्षम मुलांच्या अनुदानित शाळेत मान्य पद मिळायला अडचण येते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अक्षमता आहेत, पण शिकवण्याच्या पदव्या मोजक्या शाखांत विभागलेल्या आहेत.

बौद्धिक अक्षमता : शहरातल्या विशेष शाळांच्या पाट्या वाचत गेलात तर या शाळा सगळ्यांत जास्त दिसतील. जुन्या पाट्यांवर 'मतिमंद' असा शब्द असतो, तो आता वापरत नाहीत. इथे अभ्यास म्हणजे रोजचं जगणं. पीएमपीच्या बसने शाळेत येणं हा वरच्या वर्गाचा मोठा पाठ असू शकतो : बसचा नंबर ओळखणं, पुढच्या दाराने चढायचं की मागच्या, नोट काढणं, तिकीट सांभाळणं, स्टॉप येण्याआधी उठणं. यातली प्रत्येक कृती तोडून, एकेक कडी जोडत शिकवायची असते. याला कृतिविश्लेषण म्हणतात आणि दोन वर्षांत तुम्ही ते इतक्या वेळा लिहाल की चहा करतानाही डोक्यात पायऱ्या पडू लागतील. राज्यातल्या अशा शाळांत जय वकील फाउंडेशनचा 'दिशा' अभ्यासक्रम शासनाच्या साथीने गेला आहे. भेटीच्या वेळी त्याची पुस्तकं चाळायला मागा.

कर्णबधिरत्व : यात भाषा हाच मुख्य विषय असतो. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र), वाचाप्रशिक्षण आणि भारतीय सांकेतिक भाषा यांपैकी कशावर किती भर द्यायचा, याबद्दल शाळाशाळांत मतभेद आहेत. तुम्हालाही बाजू घ्यावी लागेल. आता लहान वयात निदान होऊन इम्प्लांट झालेली बरीच मुलं नेहमीच्या शाळेत जातात, त्यामुळे काम विशेष शाळेच्या भिंतीबाहेरही असतं. वाचा-श्रवण तज्ज्ञ व्हायचं असेल तर तो मार्ग निराळा. धनकवडीला भारती विद्यापीठात त्याचे अभ्यासक्रम आहेत, पण ते शिक्षकाचं शिक्षण नव्हे.

दृष्टिदोष : भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीची उठावाच्या ठिपक्यांची लिपी), गणितासाठी टेलर फ्रेम (खाचांत खिळे बसवून आकडे मांडायची पाटी) आणि अबॅकस, पांढरी काठी घेऊन चालण्याचं प्रशिक्षण, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणकावरचा स्क्रीन रीडर. पाटी आणि टोच्याने ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं, यात पहिला महिना जातो. ज्यांना हातांनी बारकाईने काम करायला आवडतं त्यांनी हा विषय जरूर घ्यावा. इथे शिक्षक कमी आणि गरज मोठी आहे.

अध्ययन अक्षमता : खासगी शाळांत मागणी या विषयाला मोठी आहे, कारण ही मुलं नेहमीच्या वर्गातच असतात. वाचन, लेखन, गणित यांतला नेमका अडथळा शोधून तो दूर करायचा. मराठी माध्यमाच्या मुलाच्या वहीत वेलांटी, उकार, जोडाक्षरं कुठे घसरतात हे ओळखण्याचा सराव इंग्रजी पुस्तकांतून होत नाही, तो स्वतःच करावा लागतो. हा विषय शिकवणाऱ्या संस्था मात्र थोड्या आहेत.

स्वमग्नता (ऑटिझम) आणि बहुविकलांगता याही शाखा आहेत. स्वमग्नतेकडे सध्या खूप जण वळतात. फक्त 'मागणी आहे' या कारणासाठी वळू नका. गोंगाट, वेळापत्रकातला बदल, एखादा स्पर्श यांनी बिथरणाऱ्या मुलाबरोबर रोज पाच तास शांत राहणं हा स्वभावाचाही भाग असतो.

पायरी ४ : बारावीनंतर की पदवीनंतर?

बारावीला ५० टक्के असतील तर डी.एड. (विशेष शिक्षण) ही दोन वर्षांची पदविका करता येते. प्राथमिक स्तरासाठी ती चालते आणि हाताला काम लवकर मिळतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर पदविका, मग नोकरी करत बहिःस्थ पदवी, मग बी.एड. हा क्रम वाईट नाही. या मार्गाने आलेले शिक्षक हाताने पक्के असतात.

पदवी असेल तर थेट बी.एड. (विशेष शिक्षण). हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा, चार सत्रांचा आहे. खुल्या गटाला पदवीत ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव गटांना ४५. पुढे दोन वर्षांचं एम.एड. (विशेष शिक्षण). ज्यांना डी.एड.-बी.एड. कॉलेजात शिकवायचं आहे त्यांना ते लागतंच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे जायचं ठरवलं आहे, आणि विशेष शिक्षणातही त्या दिशेने बदल चालू आहेत. त्यामुळे मोठ्या बहिणीने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर न जाता, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

नोकरी करणारे आणि घरी विशेष मूल असलेल्या आया नेहमी विचारतात की हे घरबसल्या होईल का. मुक्त विद्यापीठांतून हा अभ्यासक्रम चालत आलेला आहे, पण त्यालाही आरसीआयची आणि दूरशिक्षणाची त्या वर्षीची मान्यता हवी, संपर्कसत्रं आणि प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष करावी लागतात. 'हजेरी नको, परीक्षा सांभाळून घेऊ' असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघून या.

पायरी ५ : मान्यता स्वतः तपासा

आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, राज्यानुसार आणि अभ्यासक्रमानुसार. महाराष्ट्र उघडा, पुणे शोधा, मग तीन गोष्टी जुळवा : अभ्यासक्रमाचं नाव, अक्षमतेचा विषय आणि मान्यतेचं शैक्षणिक वर्ष. मान्यता संस्थेला कायमची नसते. ती त्या केंद्रातल्या त्या विषयाला, ठरावीक काळासाठी आणि ठरावीक जागांसाठी मिळते. संस्थेत एका विषयाला मान्यता असते आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या विषयाचे प्रवेश 'प्रस्ताव पाठवलाय' या भरवशावर चालू असतात, असंही घडतं. तसा प्रवेश घेऊ नका. दोन वर्षांनी पदवी हातात येईल आणि नंबर येणार नाही.

हवा तो विषय पुण्यात नसेल तर मुंबई फार लांब नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी देशभर ओळखली जाते. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग जुहूला आहे. बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. विषय मनासारखा मिळत असेल तर वसतिगृहाचा खर्च सोसावा, असं मी सांगेन.

पायरी ६ : सीईटी आणि कागदपत्रं

बी.एड.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते. साधं आणि स्पेशल दोन्हींसाठी तीच. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं : बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. अर्ज परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी निघतात, तेव्हा दिवाळीनंतर संकेतस्थळावर नजर ठेवा. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करता येतो. मग केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या. पर्याय भरताना कॉलेजचं नाव बघून भरू नका, विषय बघून भरा.

जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास ही कागदपत्रं आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायचे असतात.

पायरी ७ : दोन वर्षांत काय वाट्याला येतं

मानसशास्त्र, शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समावेशित शिक्षण (दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात सामावून शिकवणं) आणि शालेय विषयांच्या अध्यापनपद्धती हे पेपर साध्या बी.एड.शी बरेच मिळतेजुळते आहेत. खरा वेगळेपणा प्रात्यक्षिकात. आपल्या विषयाच्या विशेष शाळेत पाठ, दुसऱ्या अक्षमतेच्या शाळेत काही दिवस, नेहमीच्या शाळेत समावेशनाचं काम आणि सलग इंटर्नशिप. म्हणजे सकाळी सातच्या बसने एक टोक आणि दुपारी कॉलेज हे दुसरं टोक. राहायची जागा ठरवताना हे लक्षात ठेवा.

सगळ्यांत जास्त घाम काढतो तो आयईपी, म्हणजे एका मुलासाठीचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. पालकांकडून जन्मापासूनचा इतिहास घ्यायचा, मूल आज काय करतं ते तपासणी सूचीवर नोंदवायचं, वर्षाचं उद्दिष्ट ठरवायचं, त्याचे छोटे टप्पे करायचे आणि दर टप्प्याला मोजायचं. नवखे विद्यार्थी लिहितात, 'राजूला पैशांची ओळख होईल.' मार्गदर्शक त्यावर लाल रेघ मारतात. 'पाच आणि दहाची नाणी समोर ठेवून दहाचं नाणं मागितलं असता, शाब्दिक मदतीशिवाय, पाचपैकी चार वेळा योग्य नाणं देईल' असं लिहायला शिकणं हाच निम्मा कोर्स आहे. भाषा रुक्ष वाटते, पण मूल पुढे सरकलं की नाही याचा पुरावा तिच्यातूनच मिळतो.

बुद्ध्यांकाच्या चाचण्यांची ओळख करून देतात. त्या देऊन प्रमाणपत्र लिहिण्याचा अधिकार मात्र तुमचा नाही, ते काम चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं. पालक आग्रह करतील, तरी नको.

शैक्षणिक साधनं बनवायला पैसे लागतात हे कुणी आधी सांगत नाही. तुळशीबाग आणि रविवार पेठ या तुमच्या कार्यशाळा. मणी, वेल्क्रो, फेल्ट, जुनी कॅलेंडरं जमवत राहा आणि महागडे तयार संच घेण्याची घाई करू नका.

पायरी ८ : नोंदणी

निकाल लागताच आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज करा, पदवीदान समारंभाच्या फोटोची वाट पाहत बसू नका. नोंदणीचं नूतनीकरण ठरावीक काळाने करावं लागतं आणि त्यासाठी मान्य कार्यशाळांना हजर राहून सीआरईचे, म्हणजे सततच्या पुनर्वास शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात. प्रमाणपत्रांची एक फाइल पहिल्या दिवसापासून ठेवा.

पायरी ९ : काम कुठे मिळतं

स्वयंसेवी संस्थांच्या विशेष शाळा अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही असतात. त्यांच्यावर देखरेख असते दिव्यांग कल्याण आयुक्तालयाची आणि त्याचं कार्यालय पुण्यातच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला.

दुसरा मार्ग सरकारी शाळांतल्या समावेशित शिक्षणाचा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेखाली विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करत आले. मुळशी, भोर, वेल्ह्यासारख्या भागात एका शिक्षकाकडे कितीतरी वाड्या-वस्त्या, आणि ज्या मुलांना शाळेत येताच येत नाही त्यांच्या घरी जाऊन शिकवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरामागे एक. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शाळांच्या केंद्र स्तरावर (केंद्र म्हणजे इथे जवळपासच्या शाळांचा गट) विशेष शिक्षकांच्या ४८६० पदांना मंजुरी दिली. सरकारी शिक्षक भरतीचा रस्ता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी आणि पवित्र हे राज्याचं शिक्षक भरतीचं पोर्टल यांवरून जातो, म्हणून बी.एड. चालू असतानाच टीईटीचा अभ्यास धरा.

तिसरा मार्ग खासगी शाळांचा. सीबीएसईने संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडीकडे जागा निघत राहतात. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही चार प्रश्न विचारा. रिसोर्स रूम, म्हणजे विशेष मुलांना वेगळं बसवून शिकवायची खोली, वेगळी आहे का? माझ्याकडे किती मुलं असतील? वर्गशिक्षकांबरोबर बसायला वेळापत्रकात तास आहे का? गैरहजर शिक्षकांचे तास मला किती वेळा दिले जातील? शेवटच्या प्रश्नाला हसून उत्तर टाळलं, तर तिथला विशेष शिक्षक आठवड्यातले निम्मे दिवस बदली तासांवरच असतो, असं समजा.

अनुदानित विशेष शाळेत विचारायचा प्रश्न एकच, पण तो लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारा : हे पद मान्य आहे का, आणि माझ्या नियुक्तीचा प्रस्ताव आयुक्तालयाकडे कधी जाणार?